ताणावरचा मोगरा

"रुमालानं? अहो, रुमालानं पुसताय तुम्ही पान?"

बापूसाहेब वर्तक इतक्या मोठ्यानं म्हणाले की माझ्या हातातलं रबराच्या झाडाचं पान देठापासून तुटलं. ते हातात धरून मी त्यांच्या दिवाणखान्यात उभा राहिलो. तुटलेलं पान यजमानांना परत द्यायचं असतं की टेबलावर ठेवायचं असतं, याबाबतीत माझं कुठलंच वाचन कामाला येईना. शेवटी मी ते कोटाच्या खिशात घातलं. रबराच्या पानातून चीक गळतो हे मी वाचलेलं होतं, तरीही घातलं.

"खिशात घातलं," बापूसाहेब बायकोला म्हणाले. "पाहिलंस? ग्रंथपाल आहेत. खूण म्हणून पुस्तकात घालतील."

माई सोफ्यावर बसून लसूण सोलत होत्या. "असू द्या हो," त्या म्हणाल्या. "पुस्तकांची धूळ झटकून झटकून तसे झालेत हात. झाडाला जीव असतो हे कुठून कळणार?"

मी हसलो. माझा अपमान झाला की मी हसतो. ही सवय अजून गेलेली नाही, आणि आता सत्तरी उलटल्यावर ती जाईल अशी आशाही नाही.

मी तिथे झाडं पुसायला गेलो नव्हतो. लग्नाचं बोलायला गेलो होतो, तेही पन्नाशी ओलांडल्यावर. ही गोष्ट सांगतानाही मला माझंच हसू येतं, मग वर्तकांना आलं तर त्यात नवल काय.

साताऱ्यातल्या एका वाचनालयात मी पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचो. मंदाकिनी वर्तक दर शनिवारी यायच्या. बापूसाहेबांच्या धाकट्या भावाची, नानाची पत्नी; तो जाऊन बरीच वर्षं झालेली. कन्याशाळेत शिवण शिकवायच्या. पुस्तक परत करताना त्या एका वाक्यात त्याचा निकाल लावायच्या. "याला स्वयंपाकघर माहीत नाही." किंवा, "नायिका मेली, कारण लेखकाला पुढचं सुचेना." मी आयुष्यभर वाचलेल्या प्रस्तावना या वाक्यांपुढे पालापाचोळा वाटायला लागल्या. एका शनिवारी त्यांच्या पुस्तकावर शिक्का मारता मारता माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा एक विचार होता... म्हणजे आपली हरकत नसेल तर..."

"लग्नाचा?" त्या म्हणाल्या.

मी शिक्का पुस्तकाऐवजी टेबलावर मारला.

"भाऊजींना येऊन भेटा रविवारी," त्या म्हणाल्या. "ते नाही म्हणतील. पण कसं म्हणतात ते तुम्ही ऐकलेलं बरं. आणि जुने कपडे घालून या."

जुने कपडे कशाला, हे मी विचारलं नाही. आणि माझ्याकडे असलेला एकुलता एक कोट घालून गेलो.

जुन्या कपड्यांचं कारण दारातच कळलं. बापूसाहेब गावातल्या उद्यानप्रेमी मंडळाचे अध्यक्ष होते. पुढच्या रविवारी घरोघरच्या बागा पाहायला परीक्षक यायचे होते, आणि थंडी सरतानाची सगळी कामं वर्तकांच्या बंगल्यात एकाच वेळी निघाली होती. "माणूस पारखायचा तर त्याला काम द्यावं," असं बापूसाहेबांचं मत होतं. आधी आलेल्या एका स्थळाला त्यांनी पामची कुंडी उचलायला लावली होती. ते गृहस्थ कंबर धरून कराडला गेले ते परत आले नाहीत. हे बापूसाहेबांनी मला स्वतःच सांगितलं, आणि सांगताना खुर्चीत मागे रेलून हसले.

खरी गोष्ट अशी होती की भावजय गेली तर घर कोण सांभाळणार, हा त्यांचा प्रश्न होता. सकाळचा चहा, दोघांचा स्वयंपाक, माईंच्या गुडघ्याचं तेल आणि ही सगळी बाग. बापूसाहेबांच्या हातात काठी असायची. तिनं ते झाडं दाखवायचे, आणि दाखवणं म्हणजेच बागकाम अशी त्यांची समजूत होती.

"चला बाहेर," ते म्हणाले. "घरातली झाडं तुमच्या हातात सुरक्षित नाहीत."

बाहेर ऊन कोवळं होतं. लॉनवरचं मेलेलं गवत खरवडून काढलेलं होतं आणि त्यावर चाळलेली पोयटा माती पसरलेली होती. त्यामुळे ते पंचा नेसलेल्या माणसासारखं दिसत होतं. कोपऱ्यात मंदाकिनीबाई पदर खोचून, चाळणी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि पुन्हा माती चाळायला लागल्या.

"हे लॉन," बापूसाहेब काठी फिरवत म्हणाले, "पाच वर्षं पहिलं येतंय. मी आयुष्य कालव्यांवर काढलं, उपळेकर. दोन तालुक्यांना पाणी दिलं मी. मला पाणी शिकवू नका."

मी काहीच शिकवलं नव्हतं. मी "छान आहे" एवढंच म्हणालो होतो.

फाटकाजवळ नर्सरीतून आणलेल्या पिटुनियाच्या कुंड्या रांगेत ठेवल्या होत्या, सगळ्या फुलांनी लगडलेल्या. दरवर्षी परीक्षक यायच्या आधी त्या कुंड्यांसकट मातीत पुरायच्या आणि वर पालापाचोळा पसरायचा, असा बापूसाहेबांचा शिरस्ता होता. परीक्षक गेले की उपटून परत. या पद्धतीनं त्यांनी पाच ढाली मिळवल्या होत्या आणि त्या दिवाणखान्यात ओळीनं लावल्या होत्या. मला त्या माणसाची खरोखर कीव आली असती. पण माझ्या खिशातून चीक पाझरत होता, आणि अशा अवस्थेत दुसऱ्याची कीव करणं जरा जड जातं.

"या पिटुनिया इथे लावायच्या," ते लॉनच्या कडेला थांबून म्हणाले. "पण इथे ही घाण आहे."

कडेनं मोगऱ्याची सहा झाडं होती. घाण म्हणण्यासारखीच दिसत होती खरी. गुडघ्याएवढी छाटलेली, एक पान नाही, नुसत्या करड्या काड्या, एखाद्या म्हाताऱ्याच्या हनुवटीवरच्या खुंटांसारख्या.

"वाळली. आठ दिवस बघतोय. उपटून टाका सगळी," बापूसाहेब म्हणाले. त्यांनी भिंतीला टेकलेलं फावडं काठीनं माझ्याकडे ढकललं. "कचरा नुसता. तुम्ही हे एवढं करा, मग बसून बोलू. माझी काही हरकत नाही तुमच्या स्थळाला. म्हणजे आहे, पण ती मी गिळीन. एवढंही जमत नसेल तर तुमचा रस्ता तुम्हाला, आमचा आम्हाला. काय?"

"जी," मी म्हणालो.

"माई! चहा बाहेर पाठव. उपळेकर काम करतायत, हे बघायला मिळणार नाही पुन्हा."

माई व्हरांड्यात आल्या, लसणाची परडी घेऊनच.

मी फावडं उचललं. आता मला मोगऱ्याबद्दल जे माहीत होतं ते पुस्तकातलंच होतं, हे कबूल. थंडी सरत आली की मोगऱ्याला ताण देतात. त्याचं पाणी तोडतात, पानं झाडतात, निर्दयपणे छाटतात. झाड मेल्यासारखं दिसतं. मग खत आणि पाणी दिलं की चैत्रात ते फुलांनी वाकतं. हे मी वाचलं होतं. पण वाचलेल्या गोष्टी प्रत्यक्षात तशाच असतात असा मला कधी विश्वास वाटलेला नाही. कदाचित ही खरंच मेली असतील. बापूसाहेबांनी दोन तालुक्यांना पाणी दिलं होतं, मी कुंडीतल्या तुळशीलाही नेमानं दिलं नव्हतं.

मी वाकलो आणि एका काडीची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं. ओलं, ताजं हिरवं.

"हिरवं आहे," मी म्हणालो.

"काय?"

"आत. हिरवं आहे. म्हणजे... ताण दिलेला असावा. फुलासाठी. असं वाचलंय."

"वाचलंय!" बापूसाहेब व्हरांड्याकडे वळले. "अगं ऐकलंस? यांनी वाचलंय! मोगरा मेला की नाही ते आता पुस्तक बघून ठरवायचं. अहो, आमचे डोळे काय उसने आणलेत? पानं नाहीत, कळी नाही, वाळकं सरपण आहे ते. मंडळाचा अध्यक्ष कोण, तुम्ही की मी?"

"आपण."

"मग?"

वाद घालताना मला समोरच्याचं म्हणणं नेहमी माझ्यापेक्षा बरं वाटतं. मी मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. त्या चाळणी घेऊन मागच्या बाजूला, मातीच्या ढिगाकडे निघाल्या होत्या. पाठ आमच्याकडे. त्यांना ऐकू आलं होतं की नव्हतं, देव जाणे. मला एवढंच दिसत होतं की फावडं मारलं तर मला होकार मिळणार होता आणि त्या बाईंची वर्षावर्षाची मेहनत माझ्या हातून मुळासकट जाणार होती. नाही मारलं तर होकारही नाही आणि दर शनिवारचं ते एक वाक्यही नाही. कारण नकारानंतर ती बाई वाचनालयात कशाला पाऊल ठेवेल?

"मारा की!" बापूसाहेब म्हणाले. "का फावड्यावर काही छापलंय ते वाचताय?"

एखाद्या धीट माणसानं फावडं फेकून दिलं असतं. चार शब्द सुनावले असते. मी फावडं नीट भिंतीला टेकवून ठेवलं, कोटाची मागची टोकं उचलली आणि त्या सहा झाडांच्या मधोमध, आळ्यात खाली बसलो.

मला दुसरं काही सुचलं नाही, एवढंच.

माई व्हरांड्यातून म्हणाल्या, "बरं वाटत नाहीये का त्यांना?"

"उठा," बापूसाहेब म्हणाले.

"नको," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं पुन्हा सांगावं लागेल. "राहू द्या ही झाडं."

"अहो, हे काय धरणं धरलंय का? माझ्या बागेत?"

"जी."

"जी काय जी! उठा म्हणतो ना!"

बसल्या बसल्या मला एक विचित्र गोष्ट जाणवली. माती ओली होती. माझी पँट खालून भिजत चालली होती. ताणावरच्या झाडाच्या आळ्यात ओल कशी? म्हणजे माझं वाचनही चूक आणि बसणंही चूक. उठावं तर बापूसाहेबांपुढे मागून ओली पँट घेऊन उभं राहावं लागणार, म्हणून मी आणखी घट्ट बसलो. माझ्या त्या दिवसाच्या धैर्यात हा भाग किती होता, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

"मंदा!" बापूसाहेब गरजले. "हे तुझं स्थळ बघ! कचऱ्यात बसलंय!"

त्या आल्या. दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्याकडे पाहत राहिल्या. वाचनालयात एखादं भिकार पुस्तक टेबलावर ठेवताना पाहायच्या तसं.

"काय करताय?"

"हे उपटायचं म्हणतायत," मी म्हणालो. "सगळी. पण ही जिवंत आहेत. तुम्ही ताण दिलाय ना?"

"दिलाय."

"तेच मी म्हणतोय!" मी बापूसाहेबांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी वादात बरोबर निघालो होतो.

"उठा," त्या म्हणाल्या. "आळं मोडलंत सगळं."

"पण..."

"उठा हो. तुम्ही उठलात तर मला खणता येईल."

मी उठलो. माईंना मागून माझी पँट दिसली आणि त्या परडी तोंडासमोर धरून हसायला लागल्या.

"भाऊजी," मंदाकिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "ही उपटायची ना? सगळी? नक्की?"

"सगळी!" बापूसाहेब म्हणाले. आता ते रागानं लाल झाले होते. "एक काडी नको इथे. कचरा सगळा!"

"कचरा," त्या म्हणाल्या. "माई, ऐकलंत ना?"

"मी लसूण सोलतेय," माई म्हणाल्या.

मंदाकिनीबाईंनी फावडं घेतलं नाही. कुदळ आणली. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर दूर गोल चर मारला, खालून हलक्या हातानं उचकटलं आणि मातीच्या गड्ड्यासकट पहिलं झाड वर काढलं. गड्डा फुटला नाही, कारण माती ओली होती. तेव्हा माझ्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागलं. पहाटे त्यांनीच पाणी घातलं होतं. झाड हलवायचं तर ते असं छाटून, पानं झाडून, निपचित करून ठेवावं लागतं, आणि खणायच्या आधी मुळाशी पुरेशी ओल द्यावी लागते. ताण दिला होता हे खरं. पण तो फुलासाठी नव्हता. ही झाडं निघायच्या तयारीत होती.

आणि मी त्यांच्यावर बसलो होतो.

तिसरं झाड निघाल्यावर त्यांनी मागून भिजवलेली गोणपाटं आणली आणि गड्डे एकेक करून गुंडाळायला लागल्या. बापूसाहेबांची काठी हवेत थांबली.

"हे काय?"

"कचरा टाकायला नेतेय."

"गोणपाटात गुंडाळून?"

"उकिरडा लांब आहे."

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. त्यांना समजायला लागलं होतं, आणि त्यांना समजताना पाहणं हा माझ्या आयुष्यातला एक मोठा आनंद आहे. "मंदा, या घरातली वस्तू या घरात राहील. नानाची ट्रंक असो, शिलाईचं मशीन असो, सांगितलंय मी तुला. वडिलोपार्जित आहे सगळं."

"वस्तू असती तर हातच लावला नसता भाऊजी," त्या सुतळीची गाठ मारत म्हणाल्या. "या घरात मी काही मागितलं की ते वडिलोपार्जित निघतं. चाळणीसुद्धा निघाली होती मागच्या वर्षी. म्हणून मी काही मागतच नाही. हा कचरा आहे. वाळकं सरपण. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. का जिवंत आहे? तसं असेल तर सांगा, ठेवते इथेच. परीक्षकांनाही सांगू की आमच्या अध्यक्षांना जिवंत मोगरा ओळखू आला नाही."

दिवाणखान्यातल्या पाच ढाली एका बाजूला आणि सहा काड्या दुसऱ्या बाजूला. त्या माणसाला निवड करताना मी पाहिलं. फार वेळ लागला नाही.

"कचराच आहे," ते म्हणाले. "ने कुठे न्यायचा तिथे."

"आणि संध्याकाळी माझे कपडे न्यायला येईन. तेवढे तरी मी शिवलेले आहेत."

"कपडे? कुठे निघालीस?"

"शाळेजवळ खोली घेतलीय."

"आम्हाला न विचारता?"

"विचारलं असतं तर तीही वडिलोपार्जित निघाली असती."

माईंची परडी खाली पडली. लसणाच्या पाकळ्या व्हरांडाभर झाल्या आणि त्या वेचायला कोणीच वाकलं नाही. इतकी वर्षं त्या घरात खाली सांडलेलं कोण वेचत आलं होतं, हे त्या क्षणी त्या दोघांनाही बहुधा आठवलं असावं.

आम्ही बाहेर पडलो. नाक्यावर रिक्षा मिळाली. तीन झाडं त्यांच्या मांडीवर, तीन माझ्या. गोणपाटाचं पाणी माझ्या कोटावरून खाली चाललं होतं. आता त्या कोटाला काही अर्थ उरलाच नव्हता.

"आठ दिवस," मी न राहवून म्हणालो, "ते म्हणाले आठ दिवस बघतोय, वाळलीत म्हणून. त्यांच्या डोक्यात हे आलं तरी कसं?"

"रोज चहाच्या वेळी मीच म्हणत होते. मोगरा गेला वाटतं भाऊजी. काय शोभा जाते हो बागेची." त्यांनी एका काडीवरचं मातीचं ढेकूळ झटकलं. "ते उपटा म्हणणार, हे ठरलेलं होतं. तुम्ही मुकाट्यानं उपटाल असं वाटलं होतं. मी मागून येऊन थांबवणार, नीट खणून घेणार. एवढं सोपं काम होतं. ते सोडून बसलात काय!"

"मला माहीत नव्हतं."

"दिसलंच ते. तुमच्याआधी दोघे आले होते, त्यांनी काय सांगाल ते केलं. कुंडी उचला, उचलली. वर आणि काय छान बाग म्हणाले." त्या बाहेर बघत म्हणाल्या. "नुसतं बसायचं हे कोणाला सुचलं नव्हतं."

ही स्तुती होती की नाही, याचा विचार करण्यात मी पुढचा सगळा उतार घालवला. मला नकार तर पक्का झाला होता, बापूसाहेबांनी तो वेगळा सांगायचीही गरज ठेवली नव्हती. आणि ही बाई माझ्याशिवायच निघाली होती. माझ्या स्थळाची वाट पाहत थांबलेली नव्हती. खोली आधीच घेतली होती. ताण महिन्याभरापूर्वीच दिलेला असणार, तेव्हा तर मी शिक्का टेबलावर मारलासुद्धा नव्हता. या सगळ्यात माझी जागा रिक्षातल्या तीन झाडांखाली होती, इतकीच. तीही बरी होती, असं मी मनाशी म्हणत होतो.

"खोलीला ऊन नाही," त्या एकदम म्हणाल्या.

"हो का?"

"उत्तरेला आहे. मोगरा जगायचा नाही." त्यांनी मांडीवरचं गोणपाट सारखं केलं. "तुमच्याकडे कुठून येतं?"

"काय?"

"ऊन."

"गॅलरीत येतं. सकाळी. पण तिथे कपाट आहे. पुस्तकांचं. खोलीत मावेना म्हणून..."

"उन्हात पुस्तकं?"

"पडदा लावलाय."

"सरकवा ते."

"जड आहे हो. मी एकदा प्रयत्न केला होता. जागचं हललं नाही."

मंदाकिनीबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. शनिवारी पुस्तक टेबलावर ठेवताना पाहायच्या तसंच, फक्त थोडा वेळ जास्त.

"पुस्तकं आधी बाहेर काढायची असतात," त्या म्हणाल्या. "मग हलतं. एवढं लिहिलेलं नाही का कुठल्याच पुस्तकात?"